तू आधी घालून बघायचीस

नीलू, तुझा फोन माझ्याकडे आहे. तुझा दादा म्हणाला, बंद करून टाकू. मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. आता मी तो रोज सकाळी चार्जिंगला लावते आणि वाजला की त्याच्याकडे बघत बसते. नावं तू तुझ्या डोक्यानं साठवून ठेवली आहेस. ‘उरण सोमवारवाली’, ‘कामोठे डावी बाजू’, ‘खोपोली शाळा’. माणसं आहेत की कंटेनर, असं मी तुला चिडवायचे. आज सकाळी ‘कामोठे डावी बाजू’ दोनदा वाजली. मी उचलला नाही. उचलला की पहिलं वाक्य काय येणार ते मला पाठ आहे, "नीलूताई, कशा आहात?" आणि त्याला काय उत्तर द्यायचं यावरचं आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलीस.

काल तेरावा दिवस झाला. मी अजून रडलेले नाही. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही म्हणून लोकांना माझी काळजी वाटतेय. मावशी तर येता-जाता म्हणत होत्या, "मंदा, रडून घे गं, मोकळी हो." जसं काही मी मुद्दाम अडवून धरलंय. तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तशा त्या माझ्या पाठीवर थापटत राहिल्या. मी त्यांना चहा विचारला. मला दुःख झालंय का, हे तू विचारलंस तरी मला सांगता येणार नाही. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण आपल्याला लागत नाही, तसं काहीतरी झालं आहे. सगळं दिसतं, ऐकू येतं. भाजीत मीठही बरोबर पडतं.

तुला आंघोळ घातली तेव्हाही असंच. आई, मावशी, शेजारच्या वहिनी आणि मी. डाव्या छातीवरचा रेडिएशनचा तो काळसर चौकोन इतक्या काळात फिकट झाला होता, पण होता. बाकीच्यांनी नजर काढून घेतली. मी नाही काढली, मला त्याची सवय होती. तुझी मोरपंखी साडी काढली, तिच्यावरचा ब्लाउज मीच शिवलेला. घातला तर दोन्ही बाजूंनी लोंबायला लागला, इतकी वाळली होतीस. मी माझ्या साडीची पिन काढली आणि तो पाठीमागून टाचून दिला. मावशी म्हणाल्या, "अगं, आता कशाला?" कशाला ते मलाही माहीत नव्हतं. सैल ब्लाउज दिसला की माझे हात पुढे जातात. टाचून झाल्यावर मी जरा मागे सरून नीट बसलाय का तेही बघितलं. मग बाजूला झाले आणि लोकांनी तुला उचललं.

मी तशी कोण? जुन्या पनवेलमध्ये ब्लाउज शिवणारी, फॉल-पिको करणारी बाई. आणि तू माझी नणंद, बंदरावरच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात अर्धं आयुष्य काढलेली, न लग्न केलेली, कुणाचं न ऐकणारी. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या चहाला तू नावं ठेवायचीस. "वहिनी, हा चहा आहे की पातेलं विसळलेलं पाणी?" मी तुझ्यावर वर्षभर डूख धरून होते, तुला पत्ता नव्हता. मग दुकान काढायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. तू जेवताना मान वर न करता म्हणालीस, "गाळा मी बघून आलेय, उजेड चांगला आहे." झालं, विषय संपला. त्याबद्दल मी तुला थँक्यू म्हटलंय का? मला आठवत नाही. म्हटलं नसणार. नणंदेला थँक्यू कोण म्हणतं?

आपला हा सगळा उद्योग सुरू झाला तो न्हावा शेव्याच्या रस्त्यामुळे. ऑपरेशन झालं, छातीतली गाठ निघाली, टाके सुकले आणि रेडिएशन सुरू झालं, आपल्या भाषेत शेक. शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी हॉस्पिटल आणि तिथून थेट ऑफिस, कारण रजा संपल्या होत्या आणि तुझ्याशिवाय तिथं कागद हलत नाही असा तुझा समज होता. (समज बरोबर असणार. तुझे साहेब दहाव्याला आले आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडून गेले. मी त्यांना पाणी दिलं.) डॉक्टरांनी सांगितलं होतं, ब्रा घालू नका, सैल सुती कुर्ता घाला. घरी पंख्याखाली बसणाऱ्या बाईला ते ठीक आहे. तू कंपनीच्या बसनं जायचीस, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर आणि मधे खड्डे. त्यातून तू भरल्या अंगाची. एका संध्याकाळी दुकानात आलीस ती डावी बाजू हातानं खालून धरूनच. म्हणालीस, "वहिनी, खड्डा आला की जीव जातो. रस्ताभर अशी धरून बसते. शेजारी ऑफिसातला दळवी बसतो, त्याला काय सांगू?"

मी शहाणपणानं सांगितलं, बाजारातून एक मोठ्या मापाची आण. तू आणलीस. तिच्या इलॅस्टिकनं खाली लाल वळ उठवला आणि मशीनवाल्या मुलींनी कातडीवर काढलेल्या जांभळ्या खुणा घासून अर्ध्या पुसून गेल्या. त्या खुणांवरच तर मशीन लावायचं असतं. त्या मुलींनी तुला असं झापलं की तू दुकानात येऊन माझ्यावर वचपा काढलास.

"तूच शिव आता."

"मी ब्लाउज शिवते."

"तूच म्हणतेस ना, वरून घालायचं काय नि आतून घालायचं काय, बाई तीच."

असं मी जन्मात कधी म्हटलेलं नाही. पण तुझ्याशी वाद घालणार कोण!

तू स्टुलावर बसून माझ्या खडूनं टेबलावरच चित्र काढायला लागलीस. म्हणालीस, लटकलेला माल हलतो, टेकलेला माल हलत नाही. मी विचारलं, "तू माल आहेस का?" "आत्ता आहे," तू म्हणालीस. तुझं म्हणणं असं, की वजन खांद्याच्या बारीक पट्टीला टांगायचंच नाही. रुंद कापडावर टेकवायचं आणि ते कापड पाठीवरून दुसऱ्या खांद्याकडे न्यायचं, जिथं मशीनचा शेक लागत नाही. माझं म्हणणं, मग मुंढा खोल कापावा लागेल, नाहीतर बगलेत रुतेल. पुढून उघडायचं, कारण तुझा हात वर जात नव्हता. हुक नकोत, बंद. शिलाई आतून टोचते म्हणून ती बाहेर काढली. शिकाऊ पोरीनं उलटं शिवावं तशी दिसायला लागली, आणि मला ते बघवेना. आणि छातीखाली जिथं कातडीला कातडी चिकटते, तिथं मधे ठेवायला मऊ कापडाची एक घडी. ही घडी तुझी कल्पना. मी आधी हसले होते.

रंगावरून तर आपण दोन दिवस बोलत नव्हतो. मी बदामी कापड आणलं, तू त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलंस. "आजारी माणसाच्या वस्तू अशा मरगळलेल्या रंगाच्या का असतात गं? मला छातीत झालंय, डोळ्यांत नाही." शेवटी कापड पांढरं आणि बाहेरच्या कडेला पोपटी पट्टी, यावर तह झाला. मी म्हटलं, ती पट्टी बघणार कोण? कुर्त्याच्या आत तर असणार. "मला माहीत असेल ना," तू म्हणालीस. पोपटी पट्टीचं कापड मी नंतर कधी संपू दिलं नाही.

मग ट्रायल. मी शटर अर्धं ओढायचे, तू पडद्यामागे घालायचीस आणि बाहेर येऊन उभी राहायचीस. मी म्हणायचे, मार उड्या. तू उड्या मारायचीस. पन्नाशीला टेकलेली बाई माझ्या दुकानात दोरीशिवाय दोरीच्या उड्या मारतेय आणि मी खाली वाकून बघतेय की काय हलतं नि काय नाही. करणार काय, खड्डे तपासायचे होते. एकदा शेजारच्या बांगडीवाल्यानं विचारलं, "भाभी, ऊपर काम चालू है क्या?" तेव्हा तू इतकी हसलीस की बंद सुटला.

पहिला पीस घालून तू बसमध्ये बसलीस त्या दिवशी मी हातातलं काम टाकून फोनकडे बघत होते. तुझा मेसेज आला, ‘गव्हाण फाट्यापर्यंत हात लावला नाही.’ मला इतका आनंद झाला की समोरच्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही मी दुसऱ्याच बाजूला जोडली.

आणि मग तुझी कातडी सोलायला लागली. छातीखाली आणि बगलेजवळ आधी काळी पडली, मग ओली. ते थोडंफार होतंच, डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, पण तुझं फारच वाढलं. ते म्हणाले, बरं होईपर्यंत शेक थांबवू. थांबवायचं म्हटल्यावर तुझा चेहरा उतरला. "मधे सोडलं की त्याला संधी मिळते," तू म्हणालीस. ‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे तू कधी उच्चारलं नाहीस. मी मात्र सगळा दोष कापडाला दिला. होजिअरी बदलून मलमल आणलं. मलमल बदलून बांबूचं म्हणून कुठलंसं महागडं कापड मागवलं. प्रत्येक शिलाई उसवून पुन्हा घातली. तू घालायचीस आणि म्हणायचीस, "छान बसलंय." तसं ते छान बसलेलंच होतं, आणि आत तुझी कातडी निघत होती.

तुमचा फ्लॅट आमच्या समोरच. त्या रविवारी माझ्याकडे पाहुणे आले, मला टॉवेल कमी पडला, म्हणून मी तुझ्या बाल्कनीतला ओढला. टॉवेलखाली आपला पीस. गार आणि ओला, हाताला चक्क पाणी लागलं. दुसरा पीस तुझ्या परकराखाली, तोही तसाच. मी दोन्ही हातात धरून आत आले. आई सोफ्यावर बसून कोथिंबीर निवडत होत्या, तू पेपर वाचत होतीस.

"हे कधी धुतलेस?"

"काल."

"आणि उद्या सकाळी हेच घालणार?"

"घालते की रोज. थोडा दमट असतो, अंगावर वाळतो."

अंगावर वाळतो! ज्या कातडीला वारा लागावा म्हणून मी डोकं फोडत होते, तिथं तू रोज ओलं फडकं बांधून न्हावा शेव्याला जात होतीस. मी तुझ्यावर ओरडले. "एवढी जगाला पुरून उरलेली बाई तू, आणि ब्रा टॉवेलखाली?" तू मान खाली घालून म्हणालीस, "समोर जोशीकाका बसलेले असतात." मी म्हटलं, काकांना मोतीबिंदू आहे. तू हसायला लागलीस, डावी बाजू धरून हसलीस, मग मीही हसले.

पण खरं सांगू का, त्यात वेगळं असं तू काय केलं होतंस? आपण सगळ्या जणी अशाच वाळवतो. मुलगी मोठी झाली की पहिल्या चार गोष्टींत हे शिकवतात. मला माझ्या आईनं शिकवलं, तुला तुझ्या आईनं. एरवी त्यानं फार काही बिघडत नाही. इथं मात्र आपण कापडाला नावं ठेवत होतो, शिलाईला ठेवत होतो, आणि खोट होती दोरीवर.

आई तेव्हा कोथिंबीर निवडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याकडे येऊन बघते तर तुमच्या बाल्कनीतल्या सगळ्यांत पुढच्या दोरीवर, भर उन्हात, दोन्ही पीस. प्रत्येकाला दोन-दोन चिमटे, पोपटी पट्टी बाहेर. टॉवेल मागे. आणि शेजारी खुर्ची टाकून आई बसलेल्या. ज्या बाईनं आयुष्यभर पदर खांद्यावरून ढळू दिला नाही, ती बाई. मी विचारलं, "आई, हे काय?" "वाळायला नको?" एवढंच म्हणाल्या आणि जोशीकाकांच्या बाल्कनीकडे बघत बसल्या. थोड्या वेळानं काकाच उठून आत गेले.

मी आणखी दोन पीस शिवून दिले, म्हणजे ओला घालायची वेळ यायला नको. कातडी बरी झाली. शेक पुन्हा सुरू झाला आणि पूर्णही झाला. शेवटच्या दिवशी तू त्या मशीनवाल्या मुलींना आंबा बर्फी नेलीस, आणि त्यांच्यातल्या एकीनं तुला विचारलं की हे तुम्ही कुठून घेतलं.

तिथून ते वाढलं. वेटिंग हॉलमधल्या बायका, त्यांच्या जावा, त्यांच्या बहिणी. कुणाची एकच बाजू उरलेली, कुणाचं पोट मोठं, कुणाला नऊवारीवर हवं. दर वेळी मी काही बदल केला की आधी तू घालून बघायचीस. मापाचं नसलं तरी टाचून घालायचीस, उड्या मारायचीस, आणि मगच ते बाईच्या अंगाला लागायचं. पीस हातात देताना ठरलेलं सांगायचीस, "उन्हात वाळवा, टॉवेलखाली नाही." ऐकून प्रत्येक बाई तोंडाला पदर लावून हसायची, कारण प्रत्येकीचा टॉवेल ठरलेला. आणि मग शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "माझ्याकडे बघा. मी घातलं हे, सगळा शेक घेतला आणि तुमच्यासमोर उभी आहे." त्या बघायच्या. मी शिवलेल्या कापडाकडे नाही, तुझ्याकडे. मला थोडा राग यायचा, पण मला ते कळायचं. मी असते तर मीही तुझ्याकडेच बघितलं असतं.

मग ते परत आलं, यकृतात. रिपोर्ट घेऊन आपण रिक्षात बसलो. स्टँडजवळ रिक्षा अडकली तेव्हा तू म्हणालीस, "बायकांना सांगायचं नाही."

"कुणाला?"

"आपल्या बायकांना. त्या मला बघून मशीनच्या टेबलावर झोपतात, वहिनी. त्यांना कळलं तर निम्म्या जणी उद्यापासून जायच्या नाहीत."

मी म्हटलं, हे खोटं आहे. तू म्हणालीस, खोटं कसं, मी अजून उभीच आहे की. मी म्हटलं, आणि नसशील तेव्हा? रिक्षावाला आरशातून बघायला लागला, म्हणून मी रस्त्याकडे बघायला लागले. पण ते भांडण थांबलं नाही. केमोच्या खुर्चीत तेच, जेवताना तेच. तू उत्तरंसुद्धा तयार करून ठेवलीस. सांग बदली झाली, सांग पुण्याला गेली भाचीकडे. मी म्हणायचे, त्यांना मागाहून कळलं तर त्यांना वाटेल आपण फसवलं. तू म्हणायचीस, मागाहून कळलं तर चालेल, शेक संपलेला असेल. उभं राहवत नव्हतं तेव्हाही तू फोनवर त्यांच्याशी खणखणीत आवाजात बोलायचीस आणि ठेवल्यावर उशीवर मान टाकायचीस. मी चिडून स्वयंपाकघरात निघून जायचे. शेवटचं तू मला जे नीट बोललीस तेही यावरूनच. "दमले गं. उद्या भांडू." उद्या तू डोळेच उघडले नाहीस.

एवढ्या सगळ्या बधिरपणात तुझा राग तेवढा मला लख्ख कळतो. अशी भांडणं अर्धी टाकून जात नाहीत, नीलू. समोरच्याला निदान हरायची तरी संधी द्यायची.

आज दुकान उघडलं. तुझा दादा म्हणाला, अजून चार दिवस थांब. थांबून काय करू? शटर वर केलं, झाडलं, मशीनला तेल घातलं. कापड टेबलावर पसरलं, पण कात्री चालेना. कुणाच्या अंगावर बघायचं हे, एवढंच डोक्यात येत होतं. तेवढ्यात पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल, गव्हाणकडच्या गावातली, कुंदा नाव सांगितलं. डावा हात अंगाशी धरलेला.

"नीलूताय हाय का?"

मी म्हटलं, बसा. पाणी दिलं.

"आमच्या गावच्या बाईनी सांगतलं, नीलूतायला भेट. त्या सोता समजावून सांगतान. माजा सोमवारपासून शेक चालू होनार हाय." तिनं पाणी प्यायलं नाही, पेला धरून राहिली. "मना लय भ्या वाटतंय. घरान म्हनतान, नको जाव. म्हनलं, तायला एकदा डोल्यांनी बघतंय, मंग जातंय."

नीलू, तुझी सगळी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. बदली, पुणे, भाची. ती सोमवारी त्या टेबलावर झोपणार की नाही, हे मी आता काय बोलते त्यावर होतं. तुझं ऐकलं असतं तर ती हसत गेली असती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नीलू नाही हो. ती गेली. कॅन्सरनंच गेली, या महिन्यात."

तिनं पेला खाली ठेवला. दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता उठते, आणि तू जिंकलीस. मी तिला अडवलंही नसतं. पण ती उठली नाही. मग म्हणाली, "त्या ह्येच घालाच्या ना? मंग काय उपेग झाला?"

तुला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसेल. तुला बघितल्यावर तो सुचायचाच नाही.

मी म्हटलं, "वाचवायचं मला येत नाही, कुंदाताई. ते डॉक्टरांचं. मला एवढंच येतं, की शेक चालू असताना टोचू नये, घासू नये, गाडी खड्ड्यात गेली तर दुखू नये. तेवढं तिचं झालं. मधे कातडी सोलली, थांबावं लागलं, पुन्हा गेली. सगळा शेक पुरा केला तिनं. आणि मग कितीतरी दिवस ती इथं असायची, माझ्या डोक्यावर बसून. ते दिवस..." इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज मधेच गेला.

ती माझ्याकडे बघत होती. तुझ्याकडे सगळ्या बघायच्या तसं नाही, मला कसं सांगू, एखादी शेजारीण बघते तशी. म्हणाली, "तुजी कोन व्हती?"

"नणंद."

"आनि तू अजून शिवतंस?"

मी मान हलवली. शिवते की नाही हे मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. ती उठली. स्वतःच्या हातानं शटर अर्धं खाली ओढलं, खांद्यावरचा पदर काढला आणि डावा हात जमेल तेवढा वर केला. खांद्यापर्यंतच आला. "घे माप," म्हणाली.

मी टेप घेतली. बगलेखालून नेली, पुढे आणली. आकडे दिसेनात, म्हणून डोळे पुसले, पुन्हा दिसेनात. तिचं अंग ताठ झालेलं बोटांना कळत होतं. मी म्हटलं, "दुखलं तर सांगा हं."

"दुखतंय," ती लगेच म्हणाली.

इतके पीस आपण केले, नीलू, पण तू मला हे एकदासुद्धा म्हणाली नाहीस. मी टेप सैल सोडली आणि तिला विचारलं, "कुठं?"